इन अ‍ॅबसेन्शिया

९ ऑक्टोबर १९९८, अझैबा, मस्कत
बी.ए. पास! सेकंड क्लास! चाळिशीला टेकलेली बाई, पोस्टानं आलेल्या नोट्सवर शिकून!
मुंबईहून पदवीदानाचा फॉर्मही आलाय. हजर राहणार, की ‘इन अ‍ॅबसेन्शिया’? शरीफनी मला न विचारता दुसऱ्या चौकटीत खूण केली. नवरा झाले म्हणून खुणाही ह्यांच्याच का?

१० ऑक्टोबर
शेजारच्या किशोरीताई शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांना अर्थ विचारला. शब्द लॅटिन, म्हणाल्या. ‘अब’ म्हणजे दूर, ‘एस्से’ म्हणजे असणं. दूर असणं, म्हणून गैरहजेरी. पळालेल्या आरोपीवर त्याच्या माघारी खटला चालवतात, तिथेही हेच शब्द.
मला हसू आलं. म्हटलं, ताई, आमच्याकडे निकाहसुद्धा असा होतो! माझा झाला. मी रत्नागिरीत, शरीफ इकडे मस्कतला टेलिफोनवर. मस्कतहून कबूल आलं, रत्नागिरीत जेवणं उठली. नवरा पाहिला आठ महिन्यांनी, विमानतळावर.
ताईंनी चहा पुढे केला.

१३ ऑक्टोबर
खूण खोडली, ‘हजर’वर केली, फॉर्म पोस्टात टाकला. संध्याकाळी शरीफना सांगितलं.
“कागद टपालान येल. कशाला जातस?”
“निकाहला तुमी नव्हतात. ह्याला मी असणार.”
हे टीव्ही लावून बसले. घरात दोघंच, मूलबाळ नाही, त्यामुळे अबोला फार ऐकू येतो.

६ नोव्हेंबर
आमचे पासपोर्ट अर्बाबच्या तिजोरीत. शरीफ कामाला असतात त्या दुकानाचा मालक तो, मागायचे त्यांनी. रोज विचारते. रोज इन्शाल्ला.

२ डिसेंबर
इन्शाल्ला.

१२ डिसेंबर
स्वतःच दुकानात गेले. अर्बाबला हिंदीत सगळं सांगितलं. त्यानं शरीफकडे वळून विचारलं, “तूने बोला क्यों नहीं?”
म्हणजे दोन महिने मागितलाच नव्हता! पासपोर्ट लगेच हातात पडला. शरीफ खाली मान घालून कापड गुंडाळत राहिले. राग आला, आणि कीवही.

३० जानेवारी १९९९, मुंबई
नाव पुकारलं. चढले. पदवी स्वतःच्या हातानं घेतली! पाय मुळीच कापले नाहीत, लिहून ठेवते.

८ फेब्रुवारी, रत्नागिरी
मुलींच्या शाळेत शिकवायला बोलावलंय. हो म्हणून आले. परतीचं तिकीट रद्द केलं. मग शरीफना फोन लावला, सगळं सांगितलं.
“मी हय एकटा काय करू, सफिया?”
बारा वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं.