वरचा पसा

आई, पाया पडतो, पण वजन झाल्यावर वर पसाभर डाळ घालायची तुझी खोड गेली नाहीच ना?

काल इथल्या सरकारी महोत्सवात पोती उतरवायला गेलो, तर समोर तुमच्याच बचत गटाचा स्टॉल अन् गल्ल्यावर रुपालीवहिनी! मी हबकलोच. कळवलं का नाहीस?

वारज्याच्या एक बाई पिशवी काट्यावर ठेवून म्हणाल्या, "अहो, किलोत अकराशे ग्रॅम? धंदा करताय की दानधर्म?" अन् चार पिशव्या घेऊन गेल्या. दुपारीच सगळी तूरडाळ संपली. मला अजून खरं वाटत नाही.

आता सरकारी विक्री केंद्राने शंभर पिशव्या मागितल्यात. एवढ्यांत पसा घातलास तर गटाला काय उरणार? वहिनी म्हणते, सासूबाई ऐकायच्या नाहीत.

बाबांचा गुडघा कसाय?

घालायचाच असेल, तर या खेपेचा पसा माझ्याकडून. पंधराशे रुपये पाठवतोय.

तुझा शंभू