हातावरचं दही

६ जानेवारी
पांढरी गाडी परत मागे! बाळापूर फाट्यापासून थेट अकोल्यापर्यंत. काचा काळ्या.
माधवी मॅडमची बियाण्यांची कंपनी. त्यांना ‘उचलून नेऊ’ असा फोन आला, तेव्हापासून मी त्यांचा अंगरक्षक; त्यांच्या जिवाला मी जबाबदार. शहरात कुणी मागे नसतं. बाहेरगावी निघालो की ही गाडी हजर. दौरा आदल्या दिवशी ठरतो – तो मॅडमला, मला आणि ड्रायव्हर गोपालला ठाऊक. कुणीतरी सांगतंय.

९ जानेवारी
गोपालला काढलं. पोलिसांत त्याचं नावही दिलं. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, “साहेब, तुमाले माह्यावरच भरोसा नाही, तं मंग कोनावर हाय?”
मी किल्ली उचलून खिशात टाकली.

११ जानेवारी
बायको चिडली, शकुन. “घरातबी मांगं पाहू पाहू चालून राह्यले तुमी.” खरं आहे. मला भीती वाटते. फौजेत वाटली नव्हती एवढी.

१५ जानेवारी
अमरावतीला मीच गाडी नेली. दौरा फक्त मॅडमला आणि मला माहीत. मूर्तिजापूरच्या पुढे आरशात – तीच! बाजूला घासून आली. मॅडमनी माझा खांदा घट्ट धरला. पेट्रोल पंपावर गर्दी होती म्हणून सुटलो.
म्हणजे गोपाल नव्हता. पण त्याला पोलीस रोज चौकशीला बोलावून चौकीत बसवतायत.

१६ जानेवारी
बाहेरगावी निघताना शकुन माझ्या हातावर दही-साखर ठेवते. थंडीत आमच्याकडे दही लागत नाही, ते शेजारच्या करिश्माकडून येतं. हे आज डोक्यात आलं आणि शकुनवर ओरडलो – दही मागत हिंडतेस, दौरा गावभर करतेस!
ती शांतपणे म्हणाली, “मी कवा गेली मांगाले? थेच आनून देते, आदल्या सांजेले.”
करिश्माला कसं कळतं? शकुनने विचारून घेतलं. ती हसत म्हणाली, “भाऊजीचे काळे बूट पालिश करून ओट्यावर दिसले का मले समजते, उद्या दौरा हाय.”
शहरात मी चपलाच घालतो. ओटा रस्त्याला लागून. समोर पानटपरी.

१७ जानेवारी
उद्या दौरा नाही. तरी बूट चमकवून ओट्यावर ठेवले. इन्स्पेक्टरांना सांगितलंय.
करिश्मा वाटी ठेवून गेली. दही गोड होतं.

१८ जानेवारी
एकटाच निघालो. नाक्यावर पोलिसांनी पांढरी गाडी पकडली. आत दोर, चिकटपट्टी, दोन माणसं. एक त्या पानटपरीवर रोज बसणारा.
चौकीत गोपाल भिंतीला टेकून बसलेला. माझ्याकडे पाहिलं नाही.
इन्स्पेक्टर म्हणाले, “मग यांना खबर देत कोण होतं? लिहून द्या.”
मी बूट काढून त्यांच्या टेबलावर ठेवले.