माझ्या नावाची तपासणी

९ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जीव थोडा थोडा झाला. मूल होत नाही याचा दोष तुझ्यात आहे असं डॉक्टर म्हणाले, हे तू एका ओळीत उरकलंस आणि पुढे पानभर पडद्यांचे रंग! अगं, लग्नाला पाच वर्षं झाली. नणंद म्हणून एकदा कान धरायचा हक्क आहे मला. औषध वेळेवर घेतेस ना? आमचा मास्तर गरीब गाय आहे म्हणून निभावलं, दुसऱ्या कुणी एव्हाना दुसरा संसार मांडला असता. रागानं नाही, काळजीनं लिहिते आहे.

त्याला म्हणावं, कटिंग मास्तर म्हणून कारखान्यात दिवसभर अख्ख्या गावाचे सदरे कापतोस, बहिणीला दोन ओळी लिहायला हात का दुखतो?

पत्राला पत्र दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


२१ फेब्रुवारी

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खरं लिहायचं ठरवलं. दोष माझ्यात नाही. कुठल्याच डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नाही, ते मीच रचलं. माझ्याबद्दल लोक बोलले तर मी ऐकून घेईन. ह्यांच्याबद्दल बोलायला लागले, तर ते कारखान्याच्या फाटकापर्यंत जाईल.

गेलं दीड वर्ष आमच्यात नवराबायकोचं असं काही नाही. ह्यांची माया कमी झालेली नाही, शरीरच साथ देत नाही. आधी हसण्यावारी न्यायचे. आता अंथरुणावर पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करतात.

नेहमीच्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली आणि हवापालट करा म्हणाले. मग ह्यांनी दुकानातून गुपचूप गोळ्या आणल्या. त्यांनी छाती तेवढी धडधडली. डोकं सारखं दुखतं. दाढी चार चार दिवस करावी लागत नाही. ब्लेडचा खर्च वाचला म्हटलं, तर हसलेही नाहीत.

आता मोठ्या इस्पितळात नंबर लावलाय. मूल न होणाऱ्यांच्या विभागात हार्मोनच्या डॉक्टरीणबाई बसतात. तिथे कागद बायकोच्याच नावानं निघतो, नवरा नुसता सोबतीला. ह्यांना ते बरंच वाटलं.

तुमचा लोभ कमी होणार नाही, या भरवशावर एवढं लिहिलं.

तुमची
चिमणी


३ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

काय काय लिहिलं मी तुला! झडो माझी जीभ. दोन दिवस घास गोड लागला नाही.

इकडे कुणी विचारलं तर मी बघून घेईन. तू नंबर मात्र चुकवू नकोस. लहानपणापासून हा दुखणं अंगावर काढणारा. ताप आला तरी कपाळाला हात लावू द्यायचा नाही. त्याला एकट्याला पाठवलंस तर दारातूनच परत येईल.

तुझ्यावरची माया आता दुप्पट समज.

तुझी
ताई


१८ एप्रिल

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, त्यानंच ह्यांना अर्धं बरं वाटलं. म्हणाल्या, सगळंच मनाचं नसतं, हार्मोनचंही असतं. ह्यांच्या रक्तात पुरुषी हार्मोन फारच कमी निघालं. तेव्हा त्यांनी ह्यांच्यासाठी प्रोलॅक्टिन नावाची आणखी एक तपासणी लिहून दिली.

तिथे गंमत झाली. रक्त घेणारा मोठ्यानं म्हणाला, की ही तर अंगावर पाजणाऱ्या बायकांची तपासणी, कागदही बाईच्या नावाचा, मग हे गृहस्थ बाही कशाला सरसावताहेत? सगळी रांग खिदळली. हे लाल झाले आणि उठून जिन्याकडे निघाले. पुन्हा काही त्या इस्पितळाची पायरी चढले नसते. मग मीच खुर्चीत बसले आणि हात पुढे केला.

रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. बाईंनी तो बघून ह्यांना पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. रक्त कुणाचं, ते मी त्यांना सांगितलं नाही. एका तपासणीवाचून काय अडतंय? आज हे हात धुताना शीळ घालत होते. कित्येक महिन्यांनी ऐकली.

असाच जीव लावत राहा.

तुमची
चिमणी


२९ एप्रिल

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

शाबास गं माझी पठ्ठी! हसता हसता पुरेवाट झाली. त्या रक्त घेणाऱ्याची चांगली जिरवलीस. आणि रक्ताचं काय, तुमचं दोघांचं आता एकच.

शीळ घालतो म्हणतेस, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. लोभ आहेच, तो काही मागावा लागत नाही.

तुझी
ताई


२६ ऑक्टोबर

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिते. मंगळवारी ह्यांची डाव्या हाताची दोन बोटं कापायच्या मशीनखाली गेली. इतक्या वर्षांत साधा ओरखडा नव्हता. पात्याजवळ आपला हात आहे हे त्यांना दिसलंच नाही. हल्ली दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, मी धांदरट म्हणून चिडवायची. इंजेक्शनांचा गुण येत नव्हता, तर धीर धरा म्हणायची.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं जवळजवळ गेलंय. डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ झालीय. कर्करोगाची नाही. पण तीच इतके दिवस प्रोलॅक्टिन ओतत होती. त्यानं पुरुषी हार्मोन दबलं, आणि गाठ वाढत जाऊन डोळ्यांच्या नसांवर टेकली.

डॉक्टरीणबाई जुना रिपोर्ट पुन्हा पुन्हा बघत होत्या, हा नॉर्मल कसा म्हणत होत्या. मी सांगितलं, ते रक्त माझं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, की तेव्हा कळतं तर डोळे वाचले असते. हे शेजारीच बसले होते.

काय मागू तुमच्याकडे? रागावू नका.

तुमची
चिमणी


३० ऑक्टोबर

चि. सौ. चिमणीस,
आशीर्वाद.

मी शाबास लिहिलं होतं ते पत्र चुलीत घाल. दोष वाटून घ्यायचाच असेल तर त्यात माझाही वाटा आहे, त्या रक्तवाल्याचा तर आहेच. मी परवा निघते आहे. तोवर दोघं जेवत जा.

तुझी
ताई


१२ मे

ती. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून घर खायला उठतं. ह्यांना गाठ आटवायच्या गोळ्या आठवड्यातून दोनदाच घ्याव्या लागतात. गाठ निम्मी झाली. नजर थोडी परतली, उरलेली परतणार नाही. कारखान्यानं ह्यांना कापायच्या टेबलावरून काढून बटणं निवडायला बसवलंय. लोक अजून मास्तर म्हणतात, ते ह्यांना सोसत नाही.

दाढी आता रोज करावी लागते. ज्यासाठी इस्पितळात गेलो होतो, तेही ठीक झालंय. हे त्यांनीच चहा पिताना सांगितलं, नळाला पाणी आलं म्हणावं तसं. मी बरं झालं म्हटलं. पण ताई, ते मला हात लावत नाहीत.

वाकडा शब्द मात्र एकही नाही. एकदाच म्हणाले, की त्या दिवशी मी जिन्याकडे निघालो होतो तर जाऊ द्यायचं होतंस, दुसऱ्या दिवशी आलो असतो. आले असते की नाही, कोण जाणे. मला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि आता कळायला मार्ग नाही.

काल डॉक्टरीणबाईंनी ह्यांना विचारलं, की आता घरात सगळं नीट आहे ना? हे खाली बघत राहिले. बाई थांबल्या होत्या, बाहेर रांग होती. म्हणून मीच हो म्हणाले.

तुमचा लोभ आहे, त्यावरच दिवस काढते आहे.

तुमची
चिमणी