चार बोटांचा दाब

प्रिय दादा,

तू पलीकडच्याच खोलीत आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. पण समोर बसून बोलले तर मी निम्मंच सांगेन, हे मला ठाऊक आहे.

तू परत यायच्या आत मागच्या भिंतीला टेकलेली शेड तयार ठेवीन, असा शब्द मी दिला होता. वाद्यांसाठी तू सात वर्षं वाळवलेलं लाकूड तिथे ठेवायचं होतं. छपराला उतार जेमतेम. कौलवाले मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, “ताई, इथं पाणी पळत नाही, रेंगाळतं. वरचं कौल खालच्यावर चार बोटं चढलंच पाहिजे, तेवढा दाब हवाच.” त्या मापाने त्यांनी कौलं टेकायच्या आडव्या रिपा ठोकल्या. मग कौलं कमी पडली, वरच्या दोन ओळी उघड्याच राहिल्या. तशी कौलं पंधरा दिवस मिळणार नव्हती आणि तू तिसऱ्या दिवशी येणार होतास. मी म्हटलं, रिपा जरा लांब लांब ठोका, दोन बोटं पुरतील. ते नाही म्हणाले. मी हसण्यावारी नेलं: तुमची दोन म्हणजे माझी चार, मामा! ते हसले नाहीत. “तुम्ही सांगताय म्हणून करतो. पावसाला कोण सांगणार?” एवढं बोलून रिपा उपटायला लागले.

रोजनिशीत त्या दिवशी मी ‘छप्पर पूर्ण झालं’ एवढंच लिहिलं. जिथे दुसरं कुणी वाचत नाही, तिथेही.

मग पाऊस आला आणि पाणी कौलांच्या फटीतून तुझ्या लाकडावर गळत राहिलं. काल तू भिजून वाकलेल्या फळ्या अंगणात मांडल्यास आणि मामांना बोलावून घेतलंस. ते सध्याच्या शाळेच्या छपराच्या कामावरून चार सोबत्यांना घेऊन आले, आणि तू सगळ्यांदेखत त्यांना फैलावर घेतलंस. “जन्मभर कौलं घातलीत ना? मग एवढीशी शेड जमेना?” त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी दोरीवरचे कपडे काढत होते. एकाच टॉवेलची घडी मी दोनदा घातली. ते म्हणाले, “चुकलं माझं.” आणि दादा, मला क्षणभर हायसं वाटलं. तेच मला खातंय.

आज दहा वाजता तू ठेकेदाराला फोन करून मामांना शाळेच्या कामावरून काढायला सांगणार आहेस. तो फोन करू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. तुझं लाकूड मी घालवलं. तू चिडशील, कदाचित बरेच दिवस बोलणार नाहीस. नको बोलूस. मी आता शाळेवर जातेय. त्या चौघांदेखत सांगणार आहे, की रिपा मी उपटायला लावल्या. मामा बहुतेक म्हणतील, जाऊ द्या ताई. तेवढ्यावर परत फिरायचं नाही, असं ठरवून निघालेय.

तुझीच,
धाकटी