एकाच भुलीत

३ मार्च
सोनोग्राफी झाली. बाळ पायाळू आहे, म्हणजे डोकं वर, पाय खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वळलं नाही तर सिझेरियन. सासूबाईंचा चेहरा पडला. मीही पाडला. मनातून मात्र हलकी झाले. पोट उघडणारच आहेत, तर त्याच भुलीत जास्तीची कातडी काढून सपाट करून घ्यावं. आईच्या अल्टरेशनच्या दुकानात वाढले मी. एकदा उसवलं की कंबरही तेव्हाच आत घ्यायची, हे तिनेच शिकवलं.
दिसण्यासाठी नाही. ह्यांना दोनदा रजा काढावी लागू नये म्हणून.

५ मार्च
ह्यांना सांगणार होते. दमून आले. उद्या.

६ मार्च
आज दमलेले नव्हते. छान मूडमध्ये होते. तो कशाला घालवा?

९ मार्च
आईला सांगितलं. ती कोटाचं अस्तर उसवत होती. तोंडातली टाचणी न काढता म्हणाली, पोट म्हणजे काय पँट आहे का गं बये? मग म्हणाली, ओलं, ताणलेलं कापड कधी कापलंयस का? वाळलं की आखडतं, मग बसतेस रडत.
माझ्या बाबतीत हे लागू नाही. तरी झोप लागली नाही.

१० मार्च
गेल्या वर्षी हे जावेबद्दल म्हणाले होते, वहिनी बाळंतपणानंतर पार सुटल्या. मी मनाला लावून घेतलेलं नाही. कोणत्या खुर्चीत बसून म्हणाले, तेवढं फक्त लक्षात आहे.

१२ मार्च
डॉक्टरीणबाईंना विचारलंच. म्हणाल्या, आत्ता कातडी ताणलेली, गर्भाशय फुगलेलं, माप कशाचं घेणार? शिवाय रक्तस्राव, गुठळ्या, इन्फेक्शन. दोन्ही एकत्र नाहीच. अंगावरचं दूध सुटू दे, वर्षभराने बघू. 'नाहीच' म्हणताना हसल्या. म्हणजे विचार करतायत.
बाहेर हे बसले होते. काय म्हणाल्या विचारलं. मी म्हटलं, लोहाच्या गोळ्यांचं बोलत होतो. हे खोटं नाही. निघताना मी मुद्दाम गोळ्यांचा विषय काढला होता.

१९ मार्च
बाळ वळलं. आपलं आपण, कोणाला न विचारता. डोकं खाली. डॉक्टरीणबाई खूश, सासूबाई खूश, ह्यांनी तर दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सगळ्यांना फोन केले. सिझेरियन रद्द. मला आनंद झाला आहे. झालाच पाहिजे.
झोपताना पोटाला हळूच म्हटलं, परत वळतोस का रे. लगेच माफी मागितली. दोन्ही वेळा लाथ बसली.

४ एप्रिल
मुलगी झाली. डोक्याकडून, सरळ, बिनभुलीची. फार दमले आहे. तरी मन साफ असावं म्हणून ह्यांना सगळं सांगून टाकलं. खुर्चीत झोपले होते, पण सांगितलं.

५ एप्रिल
मुलगी ह्यांच्या मांडीवर. मी भिंतीला धरून पॅसेजमध्ये फिरत होते. नर्सने सांगितलंय. पोट अजून तिथेच आहे, फक्त मऊ झालंय. बाकावर एक बाई बसली होती. तिने प्रेमाने विचारलं, कितवा गं?
मी म्हटलं, नववा.
ती म्हणाली, नववा वाटत नाही हो, पोट किती बेताचं आहे.
बरं वाटलं.