सहाव्या इनिंगचं पान

१७ जून २००६, शनिवार
सकाळी मित्रा आणि अनिशला एअरपोर्टवर सोडलं. साडेअकराला घरी. डाळ-भाताचा कुकर लावला, सवयीने दोघांचा. उद्या न.ला जाऊन दोन आठवडे होतील.
निघताना दारात मित्रा म्हणाली, "बाबा, आईला त्रास नाही ना झाला? सगळं अचानकच झालं ना?"
"हो. अचानकच."
ती रडली. मग अनिशच्या बुटाची लेस बांधत बसली.

१८ जून, रवि.
आमची बेसबॉलची टीम हरली, ९-२. फ्रिजवरचा रेडिओ न.ने लावून ठेवलेल्या स्टेशनवरच आहे. आधी लावलाच नव्हता, तिसऱ्या इनिंगला लावला. न. मॅच ऐकत पोळ्या लाटायची. इनिंग संपली की हात पुसून स्कोअरच्या वहीत लिहायची. दोन इनिंगमध्ये साधारण चार पोळ्या.
मॅनेजरला हाकला, असं रेडिओवाला जवळजवळ उघडच म्हणाला. न. मॅनेजरला मास्तर म्हणायची. तिचे वडील नागपुरात इंदोऱ्याच्या शाळेत मास्तर होते. वर्गात कोणाला उत्तर आलं नाही की तेही असेच मागच्या खिशात दोन्ही हात घालून उभे राहायचे, म्हणे.
मला हा माणूस आवडत नाही. आधी नुसता आवडत नव्हता. आता राग येतो.

२५ जून, रवि.
आज वही उघडली.
४ जूनचं पान. पाच इनिंग पूर्ण, सहावी अर्धी. प्रत्येक इनिंग सुरू झाल्याची वेळ न. समासात लिहायची. पाचवीपर्यंत फक्त वेळा आहेत. सहावीपुढे: "३.०५. पाठ दुखते. ओवा घेतला." खाली, "३.२०. डावखुरा दमला. मास्तर काढत नाही." त्याखाली तीन चौकोन भरलेले. चौथ्यात रेघ सुरू होऊन खाली घसरली आहे.
हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. त्या दिवशी आमच्याच मैदानावर मॅच होती. आमची दोन तिकिटं होती. न. म्हणाली, अंग जड वाटतंय, घरीच ऐकू. तीन वाजता पाठ दुखायला लागली, मग जबडा. मी ओवा आणि काळं मीठ दिलं. वाटलं गॅस आहे. आमच्याकडे सगळ्याला ओवाच. सव्वातीनला मी म्हटलं, चल, दाखवून येऊ. ती म्हणाली, "एवढी इनिंग होऊ द्या, मग जाऊ." मी बरं म्हटलं. बूट घालून खुर्चीवर बसलो.
ती इनिंग संपेचना. पिचर दमलेला. चेंडू टाकतोय, समोरचे मारतायत. दुसरा पिचर आणला असता तर दहा मिनिटांत आटोपलं असतं. मॅनेजरने आणला नाही. ३.४८ला मी ॲम्ब्युलन्ससाठी नाइन-वन-वन लावला.
इनिंग तेव्हाही चालूच होती.

४ जुलै, मंगळ.
सुट्टी. रामटेके आला, भरली वांगी घेऊन. सुमनवहिनींनी पाठवली. आम्ही दोघं नागपूरला एका वर्गात होतो, इथेही एका वर्षी आलो. रेडिओ चालूच होता. तो म्हणाला, "अबे, शहरात मोठ्या लीगच्या दोन-दोन टीमा. वहिनी या नदीकाठच्या गावठी टीमच्या मागे कशापायी लागल्या?"
"इथे समोर दिसतं म्हणायची. शहरात बसलं की खेळाडू मुंगीएवढे."
"आन् तू?"
"मी पेपर वाचायचो."
"आता हा बोलर बदलत नाही म्हणून तूच भांडून राहिला रेडिओशी."
"पिचर."
"पाह्य! पक्का झाला बुवा."
तो गेल्यावर पहिलं घर आठवलं. तळघरातलं, ७८ सालचं. खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. मी सकाळी साडेसहाच्या ट्रेनला जायचो. न. दिवसभर एकटी. रेडिओवर बेसबॉल लावायची, इंग्रजी कानावर पडावं म्हणून. म्हणायची, बातम्यांवाले पळतात, हे लोक सावकाश बोलतात आणि तेच तेच परत सांगतात. एका संध्याकाळी मी घरी आलो तर म्हणाली, "बॉटम ऑफ द नाइन्थ." शेवटच्या इनिंगचा दुसरा अर्ध, हा अर्थ तेव्हा माहीत नव्हता, पण उच्चार बरोबर होता. पुढे लायब्ररीत इंटरव्ह्यूला तिला विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात? तिने खरं ते सांगितलं. नोकरी तिथेच पक्की झाली, असं तिचं म्हणणं.

१६ जुलै, रवि.
मैदानावर गेलो. ४ जूननंतर पहिल्यांदा. वही नेली, पेन्सिल नेली. चौथी रांग, न.ची सीट आतली. मी माझ्याच सीटवर बसलो. तिच्या सीटवर वही.
शेजारी वॉल्टर, निवृत्त पोस्टमन. मित्रा शाळेत होती तेव्हापासून शेजारी बसतो. त्याने विचारलं, "मिसेस कुठे?" सांगितलं. त्याने टोपी काढली. वॉल्टर दोन इनिंग गप्प, हे न.ला सांगायला हवं होतं.
मग पिचर मार खायला लागला आणि वॉल्टर मूळपदावर आला. "ए स्किप! जागा आहेस का? कोणीतरी त्याला उठवा रे, औषधाची वेळ झाली!" लोक हसले. मॅनेजरने, म्हणजे स्किपने, मागे पाहिलं नाही. मीही ओरडलो. "काढ त्याला!" मराठीत. वॉल्टर म्हणाला, "काय म्हणालास ते कळलं नाही, पण मी सहमत आहे."
न.च्या खुणांनी वही भरायचा प्रयत्न केला. फुकट बेस मिळाला की "फु". हातातला चेंडू सुटला की "धां", म्हणजे धांदल. होमरनला, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर गेला की, चांदणी. माझी चांदणी नीट येत नाही. हरलो ६-१. चांदणी एकच लागली, तीही समोरच्यांची.

२९ जुलै, शनि.
मित्राचा फो. १७ सप्टेंबरला रविवारी वेस्ट विंडसरला तिच्या घरी न.साठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय. भंतेजी येणार. साठेक माणसं. मी १५ला जायचं, तिकीट काढलं तिने.
"बाबा, आणि फोटोशेजारी मला आईची स्कोअरबुक ठेवायचीय. या सीझनची. तिचं लास्ट पेज ओपन करून. आधी पाठव ना, मला शांतपणे वाचायचीय."
"बघतो."
"बघतो काय? आणि यार, घराचं पण ठरव आता. एकटा काय करणार तिथे विंटरमध्ये?"
मागून अनिश ओरडला, "ग्रँपा, डिड दे विन?"
"नो."
"अगेन?"
मित्राला मराठी चांगलं वाचता येतं. न.ने शिकवलंय. स्वैपाकघरात, दर रविवारी, चिंचेचा कोळ काढता काढता.

१३ ऑगस्ट, रवि.
टीम सलग सात हरली. पेपरात आलंय, सीझन संपला की मालक मॅनेजरबद्दल निर्णय घेणार.
दुपारी ते पान धरून बसलो होतो. वही शिवलेली आहे, पान काढलं तर जोडीचं मागचं पानही सुटेल. ते २८ मेचं. त्या दिवशी जिंकलो होतो, तीन चांदण्या आहेत. न. आईसक्रीम खा म्हणाली म्हणून मी खाल्लं होतं. डाग आहे.
नुसतं समासातलं खोडता येईल का, तेही पाहिलं. खोडरबर शोधलं. घरात नाही. न. ठेवायचीच नाही. चूक झाली की एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायची. आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे, म्हणायची.
वही परत फ्रिजवर ठेवली.

२० ऑगस्ट, रवि.
हरलो, ४-३. तोच डावखुरा पिचर होता. मॅनेजरने आजही एक इनिंग जास्त ठेवला.
मॅचनंतर वॉल्टर घरी गेला. मी बसून राहिलो. मॅनेजर स्वतःच चेंडूंची बादली उचलत होता. मला पाहून कठड्यापाशी आला. पाय ओढत चालतो. जवळून बराच म्हातारा दिसतो.
"पेन्सिलवाल्या बाई कुठे आहेत?"
न.ला तो ओळखायचा. दोन वर्षांपूर्वी समोरच्या टीमचा बॅटर नंबर चुकवून आधीच येऊन खेळून गेला. अंपायरला कळलं नाही, मैदानात कोणालाच नाही. न. उभी राहिली. मित्राच्या लग्नातसुद्धा माइकवर बोलली नव्हती, ती कठड्यावरून ओरडली, "मिस्टर मॅनेजर! राँग मॅन!" त्याने अंपायरला सांगितलं. खेळी रद्द, आऊट. तेव्हापासून तो मैदानात शिरताना चौथ्या रांगेकडे बघून टोपीला हात लावायचा. मी पेपर वाचत असायचो.
सांगितलं त्याला. चार जून.
"आय ॲम सॉरी."
मग मी विचारलं. इतके दिवस पाठ केलेलं होतं. "चार जूनला, सहाव्या इनिंगमध्ये, या डावखुऱ्याला तुम्ही का नाही काढलंत?"
त्याला आठवेना. मी वही उघडून दाखवली. त्याने चौकोन वाचले, बोट फिरवत, भराभर. बोट घसरलेल्या रेघेपाशी थांबलं. मग समासाकडे. "हे काय लिहिलंय?"
मी इंग्रजीत सांगितलं. पाठ दुखते. ओवा घेतला, म्हणजे एक घरगुती औषध. डावखुरा दमला. मास्तर काढत नाही. मास्तर म्हणजे तुम्ही. आणि ती म्हणाली ही इनिंग होऊ द्या, तेही सांगितलं. मी थांबलो, तेही. पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता.
त्याने बादली खाली ठेवली. म्हणाला, "मी त्याच्याजवळ गेलो असणार. विचारलं असणार. मी नेहमी विचारतो. तो म्हणतो, आय ॲम गुड, स्किप."
"आणि तुम्ही ऐकता."
"ज्या दिवशी तो खरंच गुड असतो, त्या दिवशीही हेच म्हणतो. याच चेहऱ्याने."
माझी समजूत घातली नाही. टोपीला हात लावला, न.च्या सीटकडे बघून, आणि बादली घेऊन गेला.
अठ्ठावीस वर्षं न. म्हणायची, काही नाही हो, ठीक आहे मी. बहुतेक वेळा असायचीही.

३ सप्टें., रवि.
शेवटची मॅच. जिंकलो, ५-४. डावखुऱ्याला सहाव्यात काढलं. तो रागाने हातमोजा आपटत गेला. नवा आला त्याने पहिल्याच चेंडूवर होमरन दिला. वॉल्टर किंचाळला, "आता काढतोस होय? चांगला टाकत होता की तो!"
मला हसू आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोही हसला. जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी भेटू. मी पेन्सिल खिशात ठेवली.
मॅनेजर राहणार की जाणार, अजून जाहीर नाही.
घरी येऊन ४ जूनच्या पानाखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: "३.१५ला मी दाखवून येऊ म्हटलं. ही म्हणाली इनिंग होऊ द्या. मी थांबलो. ३.४८ला फोन केला. मित्रा, मी तुला अचानक म्हणालो होतो." "अचानक" या शब्दावर एक आडवी रेघ मारली. शेजारी काय लिहावं ते सुचलं नाही. जागा तशीच सोडली.

५ सप्टें., मंगळ.
काल लेबर डे, पोस्ट बंद. आज वही पाठवली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, आत काही नाजूक आहे का? नाही म्हटलं. मग हो म्हटलं. तिने शिक्का मारला.

८ सप्टें., शुक्र.
वही काल दुपारी पोचली. पोस्टाच्या वेबसाइटवर दिसतं. मित्रा रोज सात वाजता फो. करते. काल आला नाही. आज आता आठ वाजत आलेत.
विमानाचं तिकीट टेबलावर आहे, १५चं.
सीझन संपला की न. रेडिओतले सेल काढून ठेवायची. हिवाळाभर आत राहिले की गळतात. खुर्चीवर चढून रेडिओ खाली घेतला. चार सेल काढले, फडक्याने पुसले, रबरबँड लावून ड्रॉवरमध्ये ठेवले. झाकण परत बसवलं.