सारिका थांबली नाही

गुरुवार, संध्याकाळ. येरमाळा.

आज सारिका थांबली नाही. मी खूश व्हायला हवं होतं, पण जेवण गेलं नाही.

बी.पी.एड.च्या सरावासाठी इथल्या शाळेत खो-खो घेतेय, त्याला महिना झाला. सातवीतली सारिका शेळ्यांमागं पळून वाढलेली. समोरची कुठं वळणार हे तिला आधीच कळतं. कसं कळतं, विचारलं तर म्हणाली, "खांद्यावरून कळतंय की मॅडम. शेळीचं बी तसंच असतंय." मला इतकी वर्षं खेळूनही ते जमलं नाही. हेवा वाटला. खोटं कशाला लिहू?

पण जिंकायची ईर्षा तिच्यात नव्हतीच. कुणी पडलं की ही थांबायची, हात द्यायची. मग महिनाभर मी ओरडत राहिले, "थांबू नको! पडली तर पडू दे!"

आज पळताना तिची मैत्रीण राणी पडली. गुडघा फुटला. सारिकानं तिच्या पाठीवर थाप मारून तिला बाद केलं आणि तशीच दुसरीच्या मागं धावली. राणीकडं वळून बघितलंसुद्धा नाही. मी सगळ्यांदेखत "शाब्बास!" म्हणाले.

ईर्षा उपजत असते की कुणीतरी घालतं, यावर मला परीक्षेत चार पानं लिहिता येतील. इथं तर घालणारी मीच.

डाव संपला. राणी नळावर गुडघा धूत होती. सारिका धापा टाकत माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आता राणीपशी जाऊ का?"

हे तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.